दोन्ही डोळ्यांचा कागद

मोठे डॉक्टर, तुम्ही माझ्या बहिणीच्या डोक्याला हातही न लावता त्या डोक्याचा निकाल देऊन टाकलात. तुमच्या सहीशिक्क्याचा कागद माझ्यापाशी आहे. त्यावर तिचं नाव बरोबर आहे, वय बरोबर आहे, खाट क्रमांक सतरा बरोबर आहे. खाली सोळा ओळींत मेंदूच्या लहरी छापल्या आहेत, त्या मात्र तिच्या नाहीत. ही गोष्ट तुम्हाला गेल्या गुरुवारी दुपारी साडेतीनला कळली. आज मंगळवार. अजून तुम्ही मूग गिळून बसला आहात.

तुमच्या केबिनमध्ये तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला थांबवलंत, म्हणून या पत्रात पहिल्यापासून सांगतो. इथे घंटी वाजवून मला बाहेर काढता येणार नाही.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. वडीलही तेच करायचे. आठवीनंतर शाळेशी माझा संबंध संपला, पण काट्याने मला एक गोष्ट अशी शिकवली की ती तुमच्या कॉलेजात शिकवत असतील असं वाटत नाही. काटा समोर आला की त्यावर आधी काहीच ठेवायचं नाही. रिकामा असताना तो काय बोलतो ते बघायचं. रिकामा असतानाच जो पन्नास ग्रॅम दाखवतो, त्याचं पुढचं एक अक्षर खरं मानायचं नाही, मग तो कितीही चकचकीत असो आणि त्याच्यामागे कितीही मोठा माणूस उभा असो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आणखी एक गोष्ट आहे, ती आजवर मी कुणाला सांगितली नव्हती. मी पाच वर्षांचा होतो तेव्हा वडील घरी नसताना त्यांच्या बाकावरचा एक काटा उघडला. आतली स्प्रिंग सुटली ती थेट समोर बसलेल्या ताईच्या डाव्या डोळ्यात. डोळा काढावा लागला. वडिलांना तिने सांगितलं, काटा मीच उघडत होते. अकरा वर्षांच्या पोरीने एका हाताने डोळा दाबून धरत हे सांगितलं आणि दुसऱ्या हाताने मला मागे ढकललं. तेव्हापासून तिथे बनावट डोळा आहे. लोक काचेचा म्हणतात, असतो प्लास्टिकचा. इतका बेमालूम बसलाय की वर्ष वर्ष शेजारी राहून लोकांना पत्ता लागत नाही. तुमच्या फाईलच्या दुसऱ्या पानावर मात्र ‘डावा डोळा कृत्रिम’ असं लिहिलेलं आहे. दाखल करताना मी स्वतः उभं राहून ते लिहून घेतलं होतं. दुसरं पान उलटायला हात लागतो, पदवी लागत नाही.

आणि एक समजून घ्या. माझ्या बहिणीला काही झालेलंच नाही असं म्हणणारा भाऊ मी नाही. वरच्या मजल्यावरची माणसं नळातून आपलं बोलणं ऐकतात असं तिला वाटायचं. तिने घरातल्या प्रत्येक नळाच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. अकरा दिवस झोपली नाही. बाराव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन खांबावरच्या तारा तोडायला निघाली. तिला रिक्षात घालून तुमच्या दारात मीच आणलं. औषधांनी तिला गुण आला, तेही कबूल करतो. चौदा महिन्यांत ती हळूहळू माणसांत आली. एका रविवारी मी भीत भीत विचारलं, नळाचं काय म्हणणं? ती हसली आणि म्हणाली, त्या बिचाऱ्याला स्वतःची गळती आवरत नाही, तो माझं काय ऐकणार. त्या दिवशी मी सायकल न चालवता हातात धरून घरी गेलो, इतका खूश होतो.

वॉर्डच्या मुख्य नर्सही म्हणाल्या, आता हिला घरी न्या. मी तिची खोली रंगवून घेतली. नळ नवीन बसवला, न गळणारा.

आणि मग तुमचा कागद आला. ‘लहरींमध्ये अपेक्षित सुधारणा नाही. रुग्णास आणखी सहा महिने ठेवावे. इंजेक्शनची मात्रा वाढवावी.’ घरी सोडायचं की नाही ते ठरवणारी समिती आता माणसाकडे बघत नाही, लहरींकडे बघते, असं मला कारकुनाने सांगितलं. सांगताना तोही माझ्याकडे बघत नव्हता.

पुढच्या दोन रविवारी मी काय पाहिलं ते सांगतो. ताईची जीभ जड झाली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची आणि ती पदराने सारखी पुसायची, लाजून. हात थरथरत होते. वॉर्डातल्या चादरींच्या कडा ती शिवून द्यायची, ते बंद झालं, कारण सुई ओवता येईना. एका डोळ्याने जन्मभर पहिल्या फटक्यात सुई ओवणारी बाई. मला म्हणाली, दोरा दिसतो रे, हातच तिथे पोचत नाहीत.

त्याच भेटीत ती म्हणाली, “माझ्या डोक्याला कुणी ती लहरींची टोपी घातलीच नाही. मी नाही म्हटलं, म्हणून वॉर्डातल्या आत्याला बसवलं.”

मी म्हटलं, बरं बरं.

मोठे डॉक्टर, हे ‘बरं बरं’ तुम्हाला माहीत असेल. तुमच्या इमारतीत ते दर मिनिटाला ऐकू येतं. समोरचा जे बोलतोय त्यातलं काही खरं नाही असं ठरवून टाकलं की आपोआप तोंडातून बाहेर पडतं. ताईने ते ओळखलं. मग म्हणाली, “तूही त्यांच्यासारखंच बरं बरं म्हणायला लागलास.”

मला ते लागलं. पण खोटं कशाला बोलू, लागलं तरी विश्वास बसला नव्हता. नळातून ऐकणारी माणसं जशी, तशीच ही न घातलेली टोपी, असं मनात आलं. तरी सवयीने मी कागदाची नक्कल मागितली. अर्ज केला, दोनदा हेलपाटे घातले, मिळाली. आणि ती घेऊन लहरी काढतात त्या खोलीत गेलो. निकाल ऐकण्याआधी काटा बघायचा, एवढंच डोक्यात होतं.

जिन्याखाली ती खोली. मधोमध काच. काचेच्या अलीकडे यंत्र आणि यंत्रावर बसणारा पन्नाशीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पलीकडे एक खुर्ची, पाठ काचेकडे. खुंटीवर ती टोपी, पोहण्याच्या टोपीसारखी, तिला ठिकठिकाणी बटणं आणि बटणांना तारा. शेजारी बरणीत कसला तरी चिकट लेप. मी मशीनवाल्याला म्हटलं, मी काटे दुरुस्त करतो, हे यंत्र बरोबर चाललंय हे तुम्ही कसं तपासता?

हा प्रश्न त्याला बहुधा वीस वर्षांत कुणी विचारला नसावा. तो असा फुलला की मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. म्हणाला, मेंदूतून येणारी वीज इतकी बारीक असते की पापणी लवली तरी तिच्यापुढे डोंगर वाटतो. म्हणून सुरुवातीला पेशंटला सांगायचं, डोळे मिटा, उघडा, मिटा, उघडा. डोळा म्हणजे एक छोटा सेल असतो, पुढची बाजू धन, मागची ऋण. पापणी मिटली की बुबुळ वर जातं आणि कपाळावरच्या बटणांना धक्का बसतो. कागदावर मोठा खळगा पडतो. डावीकडच्या ओळीत डाव्या डोळ्याचा, उजवीकडच्या ओळीत उजव्याचा. दोन्ही बाजूंना खळगे सारखे आले की समजायचं टोपी नीट बसली.

मी विचारलं, आणि एक डोळा नसेल तर?

तो हसला. म्हणाला, मग त्या बाजूला काय पडणार? सेलच नाही. जवळजवळ सपाट.

मी खिशातून नक्कल काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा चढवला. पहिल्याच वीतभर जागेत दोन्ही बाजूंना खळगे होते, चार इकडे, चार तिकडे, जुळ्या भावांसारखे. तो म्हणाला, बघा, किती सुरेख बसलीय टोपी.

मी म्हटलं, “ही माझी बहीण आहे. हिला डावा डोळा नाही.”

तो उठला आणि त्याने दार लावलं.

पेशंटचं तोंड त्याला कधी दिसतच नाही. वॉर्डातून आणणारी बाई टोपी चढवते, खुर्चीवर बसवते, फाईल खिडकीतून आत सरकवते. हा काचेमागून पाठमोरं डोकं बघतो आणि स्पीकरवरून सांगतो, डोळे मिटा. मला वाटलं होतं एका कागदाची अदलाबदल झाली असेल. पण मशीनवाला माझ्या कागदावर नुसता खळग्यांकडे बघत नव्हता. त्याचं बोट पुढे पुढे सरकत होतं आणि ठरावीक अंतराने थांबत होतं. तिथे तिथे एक संथ, पसरट उंचवटा होता. तो पुटपुटला, जीभ. जिभेतही वीज असते. ही बाई सारखी जीभ कुठेतरी लावतेय. मग त्याने कपाटाचा खालचा खण ओढला. लहरींवर तुमचा जो अभ्यास चालू आहे, त्यातल्या बत्तीस बायकांचे कागद त्यात होते. एकेक काढून तो खाली मांडू लागला. संथ, पसरट उंचवटा. तोच. पुन्हा तोच.

ताईचा धरून अकरा कागद झाले. अकरा नावं, अकरा वयं, अकरा खाटा. डोकं एकच.

तुमच्या व्हरांड्यात काचेच्या चौकटीत जो तक्ता लावलाय ना, ‘रुग्ण निरनिराळे, लहरींचा साचा एकच’, ज्याच्यापुढे उभं राहून तुम्ही पाहुण्यांबरोबर फोटो काढता, तो मशीनवाल्यानेच टाईप केलेला आहे. तो खाली मांडलेल्या कागदांकडे बघत म्हणाला, “मला वाटलं, आजारच तसा असेल.”

मी विचारलं, या कागदात आजार दिसतो का? त्याने पुन्हा एकेका कागदावरून नजर फिरवली. म्हणाला, नुसत्या कागदावरून कोण शहाणं आणि कोण नाही हे ठरत नसतं, हे मोठ्यांनाही ठाऊक असायला हवं. मला इथे एक बाई दिसते. जागी आहे, शांत आहे, आणि दर अर्ध्या मिनिटाला दातात जीभ घालते.

तिथून मी वॉर्डच्या मागच्या अंगणात गेलो. तिथे चादरी वाळत होत्या आणि पेशंटना आणणारी बाई बादल्या उपसत होती. वॉर्डातल्या बायका तिला हवालदारीण म्हणतात, तिच्या तोंडावरसुद्धा, आणि ती ओ देते. मला वाटलं होतं ती अंगावर येईल. आलीच. म्हणाली, तुमच्या बहिणीने टोपी हातातून हिसकावून फेकली, त्याचं कोण बघणार? मग बादली खाली ठेवली आणि तिचं तोंड सुरू झालं. रोज तीन डोकी पाठवायची असा तुमचा हुकूम. तो लेप केसांत चिकटून बसतो, नंतर गरम पाण्याने डोकं धुवावं लागतं, आणि गरम पाणी सबंध वॉर्डाला मिळतं दोन बादल्या. थंड पाण्याने कोण धुवून घेईल? बायका किंचाळतात, चावतात. तीन डोकी गेली नाहीत की बोलणी हिला. मग एके दिवशी हिने आत्याला बसवलं.

आत्या म्हणजे कुणाची आत्या नाही. बावीस वर्षं तिथे आहे, भेटायला कुणी येत नाही, म्हणून सगळ्यांची आत्या.

हवालदारीण म्हणाली, “तिच्या डोक्याला कुणी हात लावला की तिला बरं वाटतं. धुताना डोळे मिटून बसते, लहान लेकरासारखी. कुणीच बसेना तेव्हा मी तिला बसवायची. फाईल भरली म्हणजे झालं. डोकी काय, सगळ्यांची सारखीच की.”

तिच्यावर माझा राग आहे. पण तो तुमच्यावरच्या रागाच्या पासंगाला पुरणार नाही. दोन बादल्या पाण्यात तीन डोकी बसवायचा हिशेब तिने तिच्या परीने सोडवला. तुम्हाला तो हिशेब कधी दिसलाच नाही.

आत्या चादरींच्या पलीकडे बसून घड्या घालत होती. पांढरे केस, अगदी स्वच्छ, त्या वॉर्डात तेवढेच स्वच्छ. वरचा एक दात नव्हता आणि त्या फटीत तिची जीभ सारखी जाऊन यायची. माझी सावली पडली तशी तिने वर बघितलं. दोन्ही डोळे उघडझाप करत मला निरखलं आणि विचारलं, “आज टोपी आहे का?”

त्यानंतर मी तुमच्याकडे आलो. गुरुवार, साडेतीन. मी कागद ठेवला, डोळ्याचं सांगितलं, फाईलचं दुसरं पान उघडा म्हटलं. तुम्ही फाईल उघडली नाहीत. म्हणालात, तांत्रिक बाबी तुम्हाला समजायच्या नाहीत, यंत्र परदेशी आहे, ते चुकत नाही. मी म्हटलं, यंत्र चुकलंय असं मी म्हणतच नाही, ते अगदी बरोबर आहे, दोन डोळ्यांच्या बाईचे दोन डोळे त्याने चोख दाखवलेत. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत. आणि अगदी मऊ आवाजात विचारलंत, “घरात आणखी कुणाला असा संशयाचा त्रास आहे का?”

एवढं बोलून तुम्ही पॅडवर काहीतरी लिहिलंत. मला उलटं वाचता येतं. काटे तपासताना मी बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला उभा असतो, त्यामुळे सवय आहे. तुम्ही लिहिलंत: ‘भाऊ. संशयी. लक्ष ठेवावे.’

हे ठीक आहे, मोठे डॉक्टर. संशय हा माझा धंदा आहे, त्यावर माझं घर चालतं. पण तो शब्द तुम्ही किती सोयीने वापरता ते बघा. ताई म्हणाली टोपी घातली नाही, तर तो आजार. मी म्हणालो कागद तिचा नाही, तर तो आमच्या घराण्याचा आजार. उद्या मशीनवाला बोलला तर तो कशाचा आजार ठरेल?

तो बोलणार नाही म्हणा. शुक्रवारी गेलो तर जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं आणि तो एक्स-रेच्या खिडकीत बसला होता. मला बघून त्याने चष्मा काढून पुसायला घेतला आणि मी दिसेनासा होईपर्यंत पुसत राहिला. शनिवारी कारकुनाचा फोन आला, ती नक्कल चुकून दिली गेली, परत आणून द्या. मी सांगितलं हरवली. हरवलेली नाही. तिच्या झेरॉक्स तीन ठिकाणी आहेत, आणि त्यातलं एकही ठिकाण माझं घर नाही.

रविवारी ताईला सगळं सांगितलं. इंजेक्शनमुळे तिला समजायला वेळ लागतो, म्हणून दोनदा सांगितलं. ती ऐकत होती. खळग्यांचं कळलं तेव्हा तिने बनावट डोळ्याखाली बोट लावलं आणि जड जिभेने, पण अगदी पूर्वीच्या ताईसारखं म्हणाली, “म्हणजे चाळीस वर्षांनी का होईना, तुझ्या स्प्रिंगने माझं एक काम केलं.”

मला हसता आलं नाही. मी विचारलं, मोठ्यांना काय लिहू? ती म्हणाली, मोठ्यांचं नंतर. आधी तुझं लिही. मी खरं बोलत होते आणि तू बरं बरं म्हणालास, हे लिही.

लिहितो. ताई खरं बोलत होती. मी विश्वास ठेवला नाही. तिच्यावरचा माझा काटा रिकामा असतानाच झुकलेला होता आणि मी तो तपासला नाही.

उठताना ती म्हणाली, आणि आत्याचं बघ. आता टोपी बंद झाली तर तिचे केस कोण धुणार?

मी त्याच दिवशी मुख्य नर्सना आत्याच्या फाईलबद्दल विचारलं. त्यांनी इकडे तिकडे बघून दाखवली. लहरींचा एकही कागद तिच्यात नाही. तिच्या लहरी काढा असं बावीस वर्षांत कुणी सांगितलंच नाही. जिच्या डोक्यावर तुमचा सबंध तक्ता उभा आहे, तिची स्वतःची फाईल कोरी आहे.

परवा समिती बसणार आहे. टेबलावर तो कागद असेल आणि त्याच्या जोरावर ताईला आणखी सहा महिने आणि आणखी इंजेक्शनं मिळतील. त्याआधी तिला खुर्चीवर बसवा. यावेळी तोंड तुमच्याकडे करून. पाणी मी घरून गरम करून आणतो, केस मी धुतो, ती मला टोपी घालू देईल. डोळे मिटायला सांगा, उघडायला सांगा. तीन मिनिटांचं काम आहे. ते करायचं नसेल तर का नाही ते सांगा. दोन्ही डोळ्यांच्या या कागदावर तुम्ही सही केलीत, त्यावरचं डोकं कुणाचं आहे ते सांगा. माझ्या बहिणीखेरीज ज्या दहा जणींच्या नावावर तेच डोकं लावलंत, त्यांच्यापैकी किती जणींना त्याच्यामुळे अडकवलंत आणि किती जणींच्या शिरेत काय भरलंत, ते सांगा.

तोंडी नको. लेखी हवं, सहीशिक्क्यानिशी, आणि यावेळी दुसरं पान वाचून. डोकं कुणाचं, मोठे डॉक्टर?